चार इंची ग्राइंडरवर कोणती डिस्क कशी बसवावी

काही वर्षांपूर्वी एका गेटच्या कामात मी एक मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क घाईघाईने चढवली, नट पान्याने चांगला आवळला आणि चौकोनी पाइपवर कट मारायला घेतला. मोटर पूर्ण वेगाने फिरत असल्याचा आवाज येत होता, पण डिस्क मात्र पाइपला टेकताच जागच्या जागी थांबत होती. मी हात थोडा वर घेतला की ती पुन्हा फिरू लागे आणि टेकवली की पुन्हा थांबे. तिसऱ्या वेळी ती पाइपमध्ये वाकडी अडकली, तिचा लचका तुटला आणि गार्डवर आदळून खाली पडला. मशीन उघडून पाहिले तेव्हा कारण स्पष्ट दिसले. नट उलटा बसवला होता, त्यामुळे पाना नटाला आवळत होता, पण नट डिस्कला धरतच नव्हता. गार्ड जागेवर होता म्हणून ही गोष्ट आज निवांतपणे लिहिता येते आहे.

या लेखात आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या दुकानात, फरशीच्या कामावर आणि अलीकडे घरोघरीही दिसणाऱ्या चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरच्या अँगल ग्राइंडरवर निरनिराळ्या डिस्क कशा बसवाव्यात ते सविस्तर सांगितले आहे. पाच, सात किंवा नऊ इंची मशीनची तत्त्वे तीच असली तरी मापे वेगळी असतात, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

हात लावण्यापूर्वी

डिस्क बदलताना प्लग सॉकेटमधून काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण कामाच्या जागी तो स्विच चालू करणारा माणूस तुम्ही नसता. बॅटरीवरचे मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवावी. आपल्याकडे आणखी एक धोका असतो. काम चालू असताना वीज जाते, माणूस मशीन तसेच खाली ठेवून चहाला जातो, सरकवण्याचा स्विच पुढेच राहतो आणि वीज परत आली की ग्राइंडर जमिनीवर आपोआप सुरू होऊन नाचू लागतो. काही नव्या मशीनमध्ये वीज परतल्यावर स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मोटर फिरत नाही. परंतु आपल्या मशीनमध्ये ही सोय आहे असे गृहीत धरू नये. वीज गेली की आधी स्विच मागे ओढावा, मग प्लग काढावा.

गळ्यातला गमछा, लोंबणारी ओढणी आणि सैल बाह्या या तीन गोष्टी फिरत्या डिस्कजवळ चालत नाहीत. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हवी. नुसता नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असल्यामुळे उपयोगाचा नसतो.

डिस्कवर लिहिलेले आधी वाचावे

डिस्कवरच्या रंगीत गोल लेबलकडे बहुतेक जण कंपनीचे नाव आणि किंमत एवढ्यापुरतेच पाहतात. तिथे पाच गोष्टी पाहायच्या असतात: बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, जाडी, कमाल वेग आणि डिस्क कोणत्या पदार्थासाठी आहे ते.

चार इंची ग्राइंडरच्या डिस्कचे भोक १६ मिलिमीटरचे असते. पाच इंचांपासून पुढच्या डिस्कचे भोक २२.२३ मिलिमीटरचे असते. मार्बल कटरवर चालणाऱ्या ११० मिलिमीटरच्या हिरा डिस्कचे (कडेला हिऱ्याचे कण असलेल्या डिस्कचे) भोक बहुधा २० मिलिमीटरचे असते आणि गोंधळ मुख्यतः इथेच होतो. भोक मोठे असेल तर त्या डिस्कसाठी बनवलेली नेमक्या मापाची धातूची रिंग घालावी. तार गुंडाळून, चिकटपट्टी लावून किंवा गोल वायसर कापून केलेला जुगाड डिस्कला बरोबर मध्यावर धरत नाही. मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेली डिस्क मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांवर किती थरथरते, ते हातालाच कळते. याच्या उलट, भोक लहान असेल तर ते कानशीने मोठे करू नये.

वेगाचा नियम सरळ आहे: डिस्कवर छापलेला कमाल वेग मशीनच्या पाटीवरच्या वेगाइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० ते १२,००० फेरे मारते आणि चार इंची कटिंग डिस्कवर १५,००० च्या थोडा वर आकडा असतो, त्यामुळे ही जोडी जुळते. कटिंग आणि ग्राइंडिंगच्या रेझिन डिस्क (घासणारे कण रेझिनने, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने, बांधलेल्या डिस्क) सामान्यतः कडेच्या सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. व्यास वाढला की त्याच कडेच्या वेगासाठी फेरे कमी लागतात, म्हणून पाच इंची डिस्कवर सुमारे १२,२००, सात इंचीवर सुमारे ८,५०० आणि नऊ इंचीवर सुमारे ६,६०० असा आकडा दिसतो. कडेचा ८० मीटर हा वेग म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. पूर्ण मर्यादेच्या वेगाने फिरणाऱ्या डिस्कचा तुटलेला लचका याच वेगाने सुटतो.

हा हिशेब लक्षात आला की एका अत्यंत प्रचलित सवयीतला धोका कळतो. मोठ्या ग्राइंडरवर झिजून चार इंचांवर आलेली सात इंची डिस्क ‘अजून बरीच शिल्लक आहे’ म्हणून छोट्या मशीनवर चढवली जाते. तिचा व्यास कमी झाला असला तरी ती ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते, तिचे भोक २२ मिलिमीटरचे असते आणि मशीन तिला ११,००० फेऱ्यांनी फिरवणार असते. अशी डिस्क फेकून द्यावी. गार्ड काढून छोट्या मशीनवर नवी मोठी डिस्क लावण्याचा प्रकार तर याहून वाईट, कारण त्यात वेगाची मर्यादाही ओलांडली जाते आणि गार्डही नसतो.

रेझिनच्या डिस्कला मुदत असते, ही गोष्ट अनेक जुन्या कारागिरांनाही ठाऊक नसते. मधल्या भोकाभोवती धातूची जी पातळ कडी असते तिच्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ही मुदत साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षांची असते. मुदत उलटलेल्या डिस्कमधला रेझिन ठिसूळ होत जातो. दुकानदार जुना माल स्वस्तात देत असेल तर ती कडी आधी पाहावी.

वाचून झाले की डिस्क उजेडात धरून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावी. कडेला लचका, मध्याजवळ केसासारखी चीर, ओल्याचा डाग, वाकडेपणा किंवा आतली जाळी उघडी पडलेली दिसली तर ती लावू नये. उंचावरून पडलेली डिस्क बाहेरून चांगली दिसली तरी मी ती वापरत नाही. बेंच ग्राइंडरच्या जाड दगडी चाकाला टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धत बरोबर आहे, पण ती पातळ रेझिन डिस्कला लागू पडत नाही. तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फ्लॅन्ज आणि नट: खरे काम इथेच असते

डिस्क स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावर नव्हे, तर दोन फ्लॅन्जमध्ये, म्हणजे धातूच्या दोन गोल चकत्यांमध्ये, दाबून धरलेली असते. आतली फ्लॅन्ज स्पिंडलच्या दोन सपाट बाजूंवर बसते, त्यामुळे ती स्पिंडलबरोबरच फिरते. तिच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो, त्याचा व्यास १६ मिलिमीटर असतो आणि डिस्कचे भोक त्यावर नेमके बसते. डिस्कला मध्यावर धरण्याचे काम हा उंचवटा करतो, आट्यांचे ते काम नसते. बाहेरची फ्लॅन्ज म्हणजेच दोन भोकांचा गोल नट. चार इंची मशीनमध्ये आटे सहसा एम-१० मापाचे, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचे असतात, पाच इंचांपासून पुढे एम-१४.

नटाच्या दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला उंचवटा असतो आणि दुसरी सपाट किंवा किंचित खोलगट असते. ग्राइंडिंग डिस्क जाड असते, म्हणून तिथे नटाचा उंचवटा डिस्ककडे तोंड करून बसवतात, तो भोकात शिरतो आणि नटाची कड डिस्कला दाबते. कटिंग डिस्क जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. तिथे उंचवटा आत ठेवला तर तो थेट आतल्या फ्लॅन्जच्या उंचवट्यावर जाऊन टेकतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि डिस्क मात्र दोघांमध्ये मोकळीच राहते. पातळ डिस्कसाठी म्हणून नटाची सपाट बाजू डिस्ककडे आणि उंचवटा बाहेर ठेवायचा. माझ्या गेटच्या कामात झालेली चूक हीच होती. मशीनची पुस्तिका याहून वेगळे काही सांगत असेल तर पुस्तिका मानावी, कारण काही मशीनमध्ये आतली फ्लॅन्जही उलटसुलट बसवता येते आणि तिच्या दोन बाजूंचे उंचवटे वेगवेगळे असतात.

शंका असेल तर एक परीक्षा करावी. नट आवळून झाल्यावर स्पिंडल लॉकचे, म्हणजे स्पिंडल फिरू न देणारे, बटण दाबून ठेवावे आणि हातमोजा घालून डिस्क कडेला धरून वळवून पाहावी. ती हलली तर ती धरलेली नाही. मग कितीही आवळले तरी उपयोग नाही, काहीतरी उलटे बसले आहे.

कटिंग डिस्क क्रमाने बसवणे

प्लग काढल्यावर मशीन टेबलावर असे ठेवावे की स्पिंडल वर येईल. स्पिंडल लॉकचे बटण दाबून पिन पान्याने (नटाच्या दोन भोकांत अडकणाऱ्या दोन पिनांच्या पान्याने) जुना नट सोडवावा. हे बटण फक्त पूर्ण थांबलेल्या मशीनवर दाबायचे असते. फिरत्या मशीनवर ते दाबले तर आतली पिन किंवा गिअर तुटतो आणि दुरुस्तीचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो.

स्पिंडल, आतली फ्लॅन्ज आणि नट फडक्याने पुसून घ्यावेत. दगडाच्या कामानंतर फ्लॅन्जवर धुळीचा थर बसतो, तो राहिला तर डिस्क सपाट बसत नाही आणि कडेला डुलते. फ्लॅन्जवर बर, म्हणजे धातूची उचललेली धारदार कड, आली असेल तर बारीक कानशीने काढावी. वाकलेली फ्लॅन्ज बदलावी. मग आतली फ्लॅन्ज स्पिंडलच्या सपाट बाजूंवर बसेपर्यंत फिरवत खाली सोडावी. ती बसली की बोटाने फिरवल्यास स्पिंडलही फिरतो. नंतर डिस्क अलगद फ्लॅन्जच्या उंचवट्यावर ठेवावी. ती जबरदस्तीने ढकलावी लागत असेल किंवा भोकात सैल खेळत असेल तर थांबून माप पुन्हा तपासावे. सपाट कटिंग डिस्कला उलट-सुलट बाजू नसते, आणि तिचे कागदी लेबल काढू नये, कारण ते फ्लॅन्ज आणि डिस्क यांच्यामधल्या गादीचे काम करते.

आता नट हाताने, सपाट बाजू डिस्ककडे करून, शेवटपर्यंत फिरवावा. मग बटण दाबून पान्याने थोडासा आणखी आवळावा. इथे पूर्ण जोर लावण्याची गरज का नसते, हे समजून घेण्यासारखे आहे. डिस्कच्या बाजूने पाहिले तर स्पिंडल घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतो आणि नटाचे आटे उजवे असतात. लोखंड डिस्कला अडवते तेव्हा डिस्क स्पिंडलच्या मागे पडू पाहते, नटाला सोबत ओढते आणि त्यामुळे नट आणखी घट्ट होतो. म्हणजे काम करतानाच नट स्वतःला आवळत असतो. पान्यावर पाइप चढवून आवळणारा माणूस डिस्क सुरक्षित करत नाही, फक्त ती काढताना होणारा त्रास वाढवतो.

यानंतर गार्ड. कापण्यासाठी दोन्ही बाजू झाकणारा गार्ड आणि घासण्यासाठी खालची बाजू उघडी असलेला गार्ड, असे दोन प्रकार मिळतात. मशीनबरोबर सहसा दुसराच येतो. कापण्याचे काम जास्त असेल तर पहिला वेगळा विकत घ्यावा. गार्ड कोणताही असला तरी त्याची झाकलेली बाजू तुमच्या शरीराकडे यावी असा तो फिरवून पक्का करावा, म्हणजे ठिणग्याही तुमच्यापासून दूर जातील. साइड हँडल लावावे. ‘अडचणीच्या जागी हात पोहोचत नाही’ म्हणून गार्ड आणि हँडल काढून टाकलेली मशीन मी रोज पाहतो. अडचणीच्या जागेला लहान डिस्क, हॅक्सॉ किंवा कानस हा उपाय आहे.

शेवटी चाचणी. डिस्क हाताने एक फेरा फिरवून ती गार्डला घासत नाही हे पाहावे. मग प्लग लावून मशीन शरीरापासून दूर धरावे, डिस्कच्या रेषेत स्वतः उभे राहू नये आणि कोणाला राहू देऊ नये, आणि ते काही न कापता पूर्ण वेगाने एक मिनिट चालवावे. फुटायची डिस्क बहुधा याच मिनिटात फुटते. थरथर जाणवली तर बंद करून पुन्हा बसवावे. तरीही थरथरत असेल तर डिस्क टाकून द्यावी.

कटिंग डिस्क कधीही बाजूने घासायला वापरू नये. ती कडेवर सरळ दाब सहन करते, बाजूचा दाब तिला वाकवतो आणि मोडतो. ‘जरा बर काढून घेतो’ म्हणून याच डिस्कने केलेले काम अनेकांना महागात पडले आहे.

ग्राइंडिंग डिस्क आणि फ्लॅप डिस्क

ग्राइंडिंग डिस्क साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचा मध्य एका बाजूला दबलेला असतो. दबलेल्या खोलगट बाजूत नट बसतो, म्हणून ती बाजू बाहेर, म्हणजे कामाकडे येते. फुगीर बाजू मशीनकडे जाते. त्यामुळे डिस्क पत्र्यावर टेकवली तरी नट पत्र्याला लागत नाही. उलटी बसवली तर नट पुढे येतो आणि वेल्डिंगचा मणी (जोडावरची उंच रेघ) घासण्याआधी नटच घासू लागतो. नटाचा उंचवटा इथे डिस्ककडे ठेवावा. काम करताना डिस्क पृष्ठभागाशी साधारण १५ ते ३० अंशांत धरावी, कडेने टोचू नये.

फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली डिस्क, बसवण्याची पद्धत हीच आहे, तीत खरा फरक निवडीचा असतो. नंबर म्हणजे खरखरीतपणा: ४० नंबर मणी झटपट उतरवतो पण खोल ओरखडे ठेवतो, ६० किंवा ८० नंबर रंगाआधीच्या सफाईला पुरतो आणि १२० नंबर गुळगुळीत करण्यासाठी असतो. सपाट फ्लॅप डिस्क पृष्ठभाग एकसारखा करायला चांगली, तर शंकूसारखी उतरती फ्लॅप डिस्क वेल्डिंग आणि कडा लवकर खाते. माझ्या अनुभवात नवख्या माणसाने पहिली डिस्क फ्लॅपचीच घ्यावी, कारण ती चुकलेला हात बऱ्यापैकी माफ करते. मात्र फ्लॅप झिजून मागची चकती पृष्ठभागाला लागू लागली की ती लगेच बदलावी.

फायबर डिस्क आणि वायर ब्रश

फायबर डिस्क म्हणजे कडक पुठ्ठ्यासारख्या पाठीवर सँडपेपरसारखा थर असलेली चकती. ती एकटी कधीही लावायची नसते. आधी रबर किंवा प्लास्टिकचे बॅकिंग पॅड स्पिंडलवर बसवावे, त्यावर फायबर डिस्क ठेवावी आणि पॅडबरोबर येणारा खास नट घालावा. हा नट पॅडच्या खोलगट भागात पूर्ण उतरतो, नेहमीचा नट तसा उतरत नाही. पॅडचा व्यास डिस्कपेक्षा थोडा लहान असावा, मोठा असेल तर पॅडची कडच पृष्ठभागाला घासते. पॅडवरचा कमाल वेगही वाचावा, कारण ती वेगळी वस्तू आहे आणि तिची मर्यादा वेगळी असू शकते.

वाटीसारखा वायर ब्रश बसवताना फ्लॅन्ज आणि नट दोन्ही काढून टाकायचे असतात, कारण त्याच्या स्वतःच्या मध्यातच आटे असतात. म्हणून विकत घेतानाच एम-१० की एम-१४ हे तपासावे. चुकीच्या आट्यांचा ब्रश कधीकधी दोन आटे पकडून बसतो आणि पक्का वाटतो. तो हाताने सहज खालपर्यंत उतरला पाहिजे. मग बटण दाबून ब्रशच्या षटकोनी भागावर पाना लावून आवळावा. काढून ठेवलेली फ्लॅन्ज आणि नट एकत्र डबीत ठेवावेत. नट हरवला की लोक वाटेल तो नट शोधून लावतात.

वायर ब्रशचा धोका सगळ्यात कमी लेखला जातो. त्याच्या तारा काम करतानाच सुटतात आणि शर्ट-पँट भेदून कातडीत शिरतात. जाड कपडा, गॉगल, चेहऱ्याची ढाल आणि बंद बूट याशिवाय तो चालवू नये आणि जोराने दाबू नये. गंज तारांच्या टोकाने निघतो, तारा दाबून वाकवल्या की टोक कामाला येतच नाही. पिळलेल्या तारांचा ब्रश जाड गंज आणि वेल्डिंगचा थर काढायला असतो, साध्या नागमोडी तारांचा रंग आणि हलका गंज काढायला.

दगड, टाइल आणि काँक्रीटसाठी हिरा डिस्क

इथे सगळे नीट सांगणे गरजेचे आहे, कारण शहाबादी फरशीपासून ग्रॅनाइटच्या ओट्यापर्यंत आणि कोकणातल्या जांभ्या दगडापर्यंत घरबांधणीतले बरेचसे कापकाम याच डिस्कने होते. कडेला खाचा असलेली डिस्क काँक्रीट, विटा आणि जांभ्यासाठी, नागमोडी कडेची टर्बो डिस्क ग्रॅनाइट आणि साधारण कामासाठी, तर अखंड कडेची डिस्क टाइल स्वच्छ कापण्यासाठी असते. अखंड कडेच्या डिस्कने काँक्रीट कापायला घेतले तर ती तापून निळी पडते.

या डिस्कवर एक बाण असतो. मशीनच्या गिअरच्या डोक्यावरही बाण असतो, तो नसेल तर पुस्तिकेत दिशा दिलेली असते. दोन्ही बाण एकाच दिशेचे असावेत. याचे कारण बारकाईने पाहिले तर दिसते: कापताना प्रत्येक हिऱ्याच्या कणामागे धातूचा छोटा शेपटासारखा आधार तयार होतो आणि तो कणाला धरून ठेवतो. डिस्क उलटी लावली की आधार चुकीच्या बाजूला येतो, कण लवकर निखळतात आणि डिस्क बोथट होते. जुनी डिस्क काढून पुन्हा लावताना बाण पाहायची सवय ठेवावी. बोथट झालेली हिरा डिस्क मऊ, खरखरीत विटेत दोन-तीन कट मारल्यावर बऱ्याचदा पुन्हा कापू लागते, कारण तिच्यावर चढलेला धातू झिजून आतले हिरे उघडे पडतात.

मार्बल कटरची डिस्क ग्राइंडरवर लावायची असेल तर तिच्या भोकाची रिंग आणि वेग हे दोन्ही तपासावेत आणि तिचा व्यास गार्डच्या आत येतो का हेही पाहावे. ११० मिलिमीटरची डिस्क चार इंची गार्डमध्ये बहुधा बसत नाही आणि इथेच लोक गार्ड काढतात. त्याऐवजी १०० किंवा १०५ मिलिमीटरची, १६ मिलिमीटर भोकाची डिस्क मागावी. बाजारात ती सहज मिळते.

सुकी हिरा डिस्क चालवताना सलग कापत राहू नये. थोडे कापून ती बाहेर काढून काही क्षण हवेत फिरू द्यावी, म्हणजे ती थंड होते. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नये, पाणी मोटरमध्ये शिरून शॉक बसण्याचा धोका असतो. पाणी सोडत कापायचेच असेल तर त्यासाठी बनवलेले मशीन आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच लागतो. दगड, काँक्रीट आणि टाइलच्या धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षे ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. नाकाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. निदान एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरावा.

जे लावू नये

पॉलिशिंगच्या वेल्क्रो पॅडवर अनेकदा चार-पाच हजार फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणून वेग कमी-जास्त करता येत नाही असे साधे मशीन त्याला चालत नाही. लाकूड कापायच्या दातांच्या टीसीटी (दातांना टंगस्टन कार्बाइडची टोके असलेल्या) ब्लेडबद्दल मात्र मत एकच आहे: ते ग्राइंडरवर अजिबात लावू नये. ब्लेडचा दात गाठीत अडकला की छोटे मशीन हातातून उसळून मागे येते, आणि ग्राइंडरच्या गार्डची रचना अशा उसळीसाठी नसते. साखळीच्या दातांची चकतीही त्याच प्रकारात मोडते. लाकडासाठी सर्क्युलर सॉ आहे.

स्टेनलेस स्टीलवर काम करायचे असेल तर त्याच्यासाठी वेगळी डिस्क ठेवावी आणि तिच्यावर मार्करने खूण करावी. लोखंडावर वापरलेली डिस्क स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात घुसतात आणि काही दिवसांत तिथे गंजाचे ठिपके दिसतात. गिऱ्हाईक मग ‘हे स्टेनलेस नव्हेच’ म्हणून भांडायला येते आणि त्याला समजावणे कठीण जाते. ॲल्युमिनियमसाठीही त्याचीच डिस्क घ्यावी. साध्या डिस्कच्या खळग्यांत मऊ ॲल्युमिनियम भरून बसते, डिस्क कापणे थांबवते आणि तापते.

अडकलेला नट

कामात नट स्वतः आवळला जातो, हे वर सांगितले आहे, म्हणून कधीतरी तो पिन पान्याने सुटत नाही. प्लग काढलेला आहे याची आधी खात्री करावी. बटण दाबून पान्याला हातानेच एकदम झटका द्यावा. हातोडीने पान्यावर किंवा छिन्नीने नटावर ठोकू नये, त्याने स्पिंडल लॉक तुटतो आणि नटाची भोके फाटतात. नट शिकंज्यात धरून मशीन क्षणभर चालू करण्याचा प्रकारही मी पाहिला आहे. त्यात मनगट मोडण्याचा धोका नट सुटण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असतो. रेझिन डिस्क अडकली असेल तर गॉगल लावून ती पक्कडीने कडेपासून तुकड्या-तुकड्याने मोडत मध्यापर्यंत यावे. नटाखालचा दाब गेला की नट बहुधा बोटांनीच फिरतो. डिस्क आणि नट यांच्यामध्ये जाड कागदाची, नटाच्या व्यासाची चकती घातली तर पातळ डिस्क पुढच्या वेळी इतकी चिकटत नाही. ही चकती दोन फ्लॅन्जच्या बाहेर येऊ देऊ नये.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डिस्क सिमेंटच्या गोण्यांजवळ किंवा ओल्या भिंतीच्या फळीवर ठेवू नयेत. रेझिन ओल शोषून कमजोर होतो, आणि फायबर डिस्क तर दमट हवेत चक्क पापडासारखी वळते. वळलेली फायबर डिस्क पॅडवर सपाट बसत नाही, ती लावू नये. मी डिस्क झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आडव्या, एकावर एक ठेवतो, तळाशी एक सपाट पत्रा घालतो आणि जुन्या वर्षाच्या डिस्क वर ठेवतो म्हणजे त्या आधी संपतात.